डाव्या दारातला स्पीकर

सॅगिनॉ, मिशिगन
२१ नोव्हेंबर

ती. बर्नडीनताईस लिओनार्डचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द इथे रीत म्हणून आलेला नाही. गेले तीन आठवडे मी गॅरेजच्या फरशीवर खरोखर आडवा आहे. तोंड डॅशबोर्डखाली आणि पाय गाडीच्या बाहेर.) तुझी आणि अर्लभाऊजींची प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. भाऊजींच्या गुडघ्याला टूसॉनचं कोरडं ऊन मानवलं, हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडचं ऊन ऑक्टोबरातच संपलं. डोरीनचा खोकला हटत नाही, माझी पाठ धरली आहे, कुत्र्याला जिना चढवत नाही आणि आभाळाला भांडी विसळलेल्या पाण्याची कळा आली आहे. बाकी आम्ही सर्व मजेत.

तुझं पोस्टकार्ड पोचलं. निवडुंगाचं चित्र आणि मागे दोन ओळी : बाबांची गाडी विकली का, कळव. मार्चमध्ये बाबांना पोचवून आल्यावर चर्चच्या तळघरात जेवताना आपलं जे झालं, त्यानंतर तुझ्या हातची ही पहिली अक्षरं. डोरीनने ते कार्ड फ्रिजवर लावलंय, त्यामुळे दूध काढायला गेलो की तू विचारतेसच. त्या भांडणाबद्दल मी या पत्रात चकार शब्द काढणार नाही. बाबांच्या पोल्का बँडच्या कॅसेटवर आपणही गायलोय असं तू म्हणालीस. मी सगळ्या गावासमोर म्हणालो की छट्, छत्तीस वर्षांपूर्वी, रेकॉर्डिंगच्या दिवशी, तू हॉलमागच्या स्वयंपाकघरात पिरोगीच्या करंज्या लाटत होतीस, आणि तुला म्हातारपणी काहीही आठवायला लागलंय. आणि तू कोबीच्या गुंडाळ्यांची भरलेली बशी तशीच टेबलावर ठेवून विमानतळ गाठलास. झालं ते झालं. तो विषय मी उकरणारच नाही.

तर गाडी. गाडी विकलेली नाही आणि आता ती विकली जाईल असंही वाटत नाही. कारण सांगतो. ऑगस्टमध्ये व्हर्जिल टटलने (आपल्या पलीकडच्या घरातला, रेडिओ दुरुस्त करायचा तोच, अजून आहे, नुसता वाकलाय) मिडलंडचा एक दंतवैद्य शोधून आणला होता. रविवारी सकाळी डोनटच्या दुकानापुढच्या मैदानात जुन्या गाड्यांवाले जमतात, तुला माहीतच आहे. तिथे मालक आपापल्या गाड्यांची बॉनेटं उघडून हात मागे बांधून उभे राहतात आणि एकमेकांच्या इंजिनात डोकावून हळहळतात. दंतवैद्याने बाबांच्या लालबुंद गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, दारं उघडमीट केली, आणि म्हणाला, घेतो. पण अट एकच, कारखान्यातून आली तशीच हवी, एक स्क्रूही बदललेला चालणार नाही. ही माणसं अशीच असतात. नवं इंजिन चालत नाही त्यांना, जुना गंज चालतो. मी बरं म्हणालो.

अडचण कॅसेटची निघाली. बाबांच्या बँडची ती एकच प्रत उरली आहे (बाकीच्या प्रती घराच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेल्या), आणि ती गाडीच्या टेपमध्ये अडकून बसली आहे. बटण दाबलं की आत कोणीतरी उसासा टाकल्यासारखा आवाज येतो, पण कॅसेट काही बाहेर येत नाही. वाजते मात्र. वाजते म्हणजे काय, दारांतल्या जुन्या स्पीकरांचा कागद किडलेल्या पानासारखा झाला होता; त्यातून बाबा गाताहेत की कढईत बेकन तळतंय, ते कळत नसे. तेव्हा मी मनात योजलं की गाडी जाण्याआधी नवे स्पीकर घालायचे, एकदा नीट ऐकायचं, मग जुने होते तसे बसवून द्यायचे. दंतवैद्याला पत्ताही लागणार नाही. (एवढं कशासाठी, असं विचारशील. मला फक्त खात्री करून घ्यायची होती. ते गाणं फोनवर रेकॉर्ड करून, तुझा आवाज त्यात कुठेही नाही हा पुरावा तुला नाताळच्या कार्डासोबत धाडावा, असा माझा बेत होता. माणूस म्हातारा होतो तसा सुधारतो, हे खोटं आहे.)

पहिल्या दिवशी दाराचं आतलं अस्तर काढलं. ते बारा प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसलेलं असतं. अकरा तुटल्या. बारावी कुठे उडाली ती अजून सापडलेली नाही, पण कुत्रा दोन दिवस अस्वस्थ होता. मग लक्षात आलं की दुकानातून आणलेला स्पीकर हा दारातल्या भोकापेक्षा बोटभर मोठा आहे. शहाण्या माणसाने अशा वेळी स्पीकर बदलून आणला असता. मी करवत आणली. तीस वर्षं ओतशाळेत लोखंडाशी काढलेल्या माणसाला लोखंड आपलं ऐकतं असं वाटत असतं. दोन्ही दारांचा पत्रा कापून झाला, हात झटकले, आणि मग आठवलं की दंतवैद्याला ‘कारखान्यातून आली तशी’ हवी होती. कापलेला पत्रा परत उगवत नाही. तिथेच फरशीवर बसलो. डोरीन चहा घेऊन आली, भोकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, “झालं समाधान?” आणि चहा घेऊन परत गेली.

बॅटरी सोडवताना आणखी एक झालं. या गाडीचे दिवे पापण्यांसारखे वर येतात ना, त्यातला उजवा वर आला तो वरच राहिला. तेव्हापासून गाडी एक डोळा उघडा ठेवून झोपते. तिला त्याच अवतारात डोनटच्या दुकानाच्या खिडकीशी नेलं, कारण मन इतकं खचलं होतं की दोन मुरंबा भरलेले खाल्ल्याशिवाय घरी जाणं शक्य नव्हतं. पैसे द्यायला डावी काच खाली केली. नव्या स्पीकरचा लोहचुंबक किती जाड आहे, हे मी मोजलं नव्हतं, काचेने मोजलं. दारातून अक्रोड फुटल्यासारखा आवाज आला आणि काच आत जाऊन बसली ती बसलीच. बर्फाची भुरभुर सुरू झाली होती. खिडकीतली पोरगी म्हणाली, “आजोबा, काच लावून घ्या की, थंडी आहे!” मी तिला म्हणालो की मला ताजी हवा आवडते. घरी पोचेपर्यंत डावा कान गेला आणि डोनटांवर बर्फ साचला.

उरल्या वायरी. व्हर्जिलला विचारलं असतं तर त्याने दोन मिनिटांत जोडून दिल्या असत्या. पण पंधरा तारखेला हरणांची शिकार खुली झाली, आणि त्या आठवड्यात या गावात पंक्चर काढायलाही पुरुष सापडत नाही. सगळे नारिंगी जाकिटं घालून जंगलात बसून सँडविच खात असतात. तेव्हा मीच जोडल्या. स्पीकरच्या मागे दोन पट्ट्या असतात, एक रुंद, एक अरुंद. वायरीच्या टोकाला तशाच दोन टोप्या. चूक होऊ नये म्हणूनच ते तसं केलेलं असतं. डाव्या दारात रुंद टोपी रुंद पट्टीवर बसेना, म्हणून मी दोन्ही टोप्या पकडीने दाबून, थोड्या कापून, जिथे बसतील तिथे बसवल्या. (जे बसत नाही ते दाबून बसवायचं, ही पद्धत मी बाबांकडूनच उचलली.)

मग गाडीत बसलो, टेप सुरू केला. अॅकॉर्डियन आलं, लोकांचा गलका आला, ग्लास आले, आणि बाबा आले नाहीत. खरं सांगतो ताई, मी आवाजाचं बटण शेवटापर्यंत पिळलं. बाबांचा तो पिंपात बोलल्यासारखा आवाज, ज्याने चर्चच्या काचा थरथरायच्या, तो नव्हताच. अगदी खोलवर, भिंतीपलीकडे कोणी खाकरावं एवढाच. मला वाटलं, वायरी जोडताना मीच कॅसेटवरचं काहीतरी पुसलं. मार्चमध्ये त्यांना पुरलं तेव्हा पाहुणे होते, जेवण होतं, भांडण होतं, रडायला सवडच झाली नव्हती. ती सवड मला त्या गॅरेजात मिळाली. कॅसेटवर आणखी काय ऐकू आलं, ते इथे लिहिण्याची गरज नाही.

चार दिवसांनी व्हर्जिल रिकाम्या हाताने परतला. (हरणाने त्याला आधी पाहिलं.) त्याने दोन कडवी ऐकली आणि हसत सुटला. “अरे लेन्या, तीस वर्षं लोखंड ओतलंस आणि रुंद-अरुंद कळत नाही तुला? डावी वायर उलटी लावलीस, गड्या!” त्याचं म्हणणं असं की दोन्ही स्पीकरांनी हवा एकाच वेळी ढकलायची असते. एक उलटा लागला की हा ढकलतो तेव्हा तो ओढतो, आणि जो मधोमध उभा राहून गातो त्याचा आवाज दोघांच्या ओढाताणीत मरतो. कडेला उभे असलेले तेवढे ऐकू येतात. त्याने वायर सरळ केली, आणि बाबा असे काही प्रकटले की कुत्रा उठून दारापर्यंत गेला.

तेव्हा तुझ्या पोस्टकार्डाचं उत्तर इतकंच : गाडी विकली नाही, दंतवैद्य फोन उचलत नाही, बाबा सुखरूप आहेत. अर्लभाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
लिओनार्ड

ता. क. कॅसेटचं वेष्टन गाडीच्या खणात सापडलं. त्यावर बँडमधल्या पाचही जणांची नावं आहेत. ड्रम वाहून आणणाऱ्या स्टॅशकाकाचं आहे. सॉसेज पुरवणाऱ्या खाटकाचे आभार आहेत. तुझं नाव तेवढं नाही. मार्चमध्ये मी तुझ्याशी भांडलो तो पूर्वी कधीतरी वाचलेल्या याच कागदाच्या भरवशावर. गाणी रेकॉर्ड झाली त्या दिवशी मी हॉलमध्ये नव्हतोच. स्टॅशकाकाच्या ट्रकमध्ये बिअर पिऊन झोपलो होतो. तू पिरोगी लाटत होतीस हे मी पाहिलेलं नाही. पोरी तेच करत असणार, असं धरून चाललो होतो.

ता. क. २. बाबा ऐकू येत नव्हते तेव्हा कोण ऐकू येत होतं, ते लिहायचं राहिलं. बदकं हाकणाऱ्या पोरीच्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यापासून, डाव्या दारातून एक मुलगी गाते आहे. प्रत्येक ओळ जराशी आधी उचलते. जेवणाआधीच्या प्रार्थनेतही ती ‘आमेन’ सगळ्यांच्या आधी म्हणायची आणि बाबांच्या चमच्याचा फटका खायची. शेवटच्या कडव्यात ती एकटी वर जाते, ताई, आणि कोणी टाळी वाजवत नाही. मी ते अकरा वेळा ऐकलं. डोरीनला बोलावलं; तिने अर्धी ओळ ऐकून विचारलं, “ही बर्नडीन ना?” तिला कळलं, मला छत्तीस वर्षं लागली. माझं चुकलं. तळघरात सगळ्यांसमोर बोललो होतो, तसं सगळ्यांसमोर कबूलही करीन. फादरना सांगून ठेवलंय.

ता. क. ३. व्हर्जिलने वायर सरळ केली तेव्हा बाबा आले आणि तू परत त्यांच्या आवाजाखाली गेलीस. तो घरी गेल्यावर मी ती पुन्हा उलटी करून ठेवली आहे. कॅसेट बाहेर येत नाही, म्हणून पाठवता येत नाही. फोनवर रेकॉर्ड केलं तर नुसती खरखर ऐकू येते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे एक ताट जास्तीचं मांडतात, येईल त्याच्यासाठी. दरवर्षी ते रिकामंच उचलतो. यंदा ते तुझं आहे. जेवण झालं की गाडीत डाव्या बाजूला तू बस, मी उजवीकडे बसून गप्प राहीन. येताना जाड कोट आण; ती काच अजून वर येत नाही.