कौल म्हणजे कौल

५ जुलै, शनिवार
सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या वादविवाद स्पर्धेत बाजू ठरवायला चिठ्ठ्या काढल्या. विषय : ‘सार्वमताचा कौल सरकारने पाळलाच पाहिजे.’ मी बाजूने, प्रबोध विरुद्ध. देव आहे.
गेल्या वर्षी ‘पुरुष आणि घरकाम’वर बोलताना याच प्रबोधने भर सभेत सांगितलं, की एक गृहस्थ कुकरच्या शिट्ट्या मोजायला फोनवर अ‍ॅप शोधत होते. नाव घेतलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. वर्षभर हा अपमान गिळलाय. आता उट्टं काढणार.
पाच वर्षं जुरोंग ईस्टहून आम्ही एकाच ट्रेनने ऑफिसला जातो. सोमवारपासून त्याच्याशी फक्त हवामानावर बोलायचं.

७ जुलै, सोमवार
सिंगापूरमध्ये हवामानावर फार बोलता येत नाही. ‘गरम आहे’ म्हटलं की संपलं. शेवटी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. शत्रू गाफील राहावा म्हणून.

१४ जुलै, सोमवार
भाषण तयार. ब्रेक्झिटचे आकडे पाठ. ऑफिसातला एक ब्रिटिश सहकारी त्या निकालावर अजून कुरकुरतो. सार्वमत नुसतं सल्ल्यापुरतं होतं, पुन्हा घ्यायला हवं होतं वगैरे. लंचला त्याला स्पष्ट सांगितलं, बाबा रे, हरलात, आता गप्प बसा. तो खरोखरच गप्प बसला. उत्तम रिहर्सल.
शेवटचं वाक्य : ‘एका मताने लागलेला कौल हासुद्धा कौलच; हरणाऱ्याने तो मान खाली घालून स्वीकारायचा, यालाच लोकशाही म्हणतात.’ आरशासमोर नऊ वेळा म्हटलं. हे वाक्य प्रबोधच्या डोळ्यांत बघून म्हणायचं.

२६ जुलै, शनिवार, संध्याकाळी
हरलो. ३१–३०.
कम्युनिटी क्लबचा हॉल, एकसष्ट माणसं, चिठ्ठ्यांवर मतदान. चिठ्ठीवर ‘बाजूने’ किंवा ‘विरुद्ध’ लिहायचं आणि खाली नाव. नाव अशासाठी, की त्याच चिठ्ठ्यांतून मंडळ दरवर्षी मिक्सरचा लकी ड्रॉ काढतं. मिक्सर कोणाला लागला, तर स्नेहलला, म्हणजे माझ्याच बायकोला. घरी आल्याआल्या तिने त्यात चटणी वाटली. या घरात कोणालाही दुःख नाही.
निकालानंतर अध्यक्ष वल्लरीताईंनी माझंच वाक्य मला ऐकवलं. हॉल हसला. प्रबोध हात मिळवायला आला, तेव्हा मी फोन कानाला लावला. फोनची बॅटरी संपलेली होती, पण ते त्याला काय माहीत.

२७ जुलै, रविवार
सकाळी दाढी करताना लक्षात आलं. प्रबोधने स्वतःच मत दिलं! वक्त्याने मत द्यायचं? दिलं मीही, पण मी हरलोय, त्यामुळे ते वेगळं. त्याचं मत बाद केलं की ३०–३०. बरोबरी. म्हणजे फेरलढत.
मी कौल नाकारत नाहीये. जो लागला तो कौलच नव्हता.
गार्गीला समजावून सांगितलं. कार्टी अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “लॉस्ट ऑलरेडी लाह, बाबा.” शाळेच्या फिया वाया.
स्नेहलचं म्हणणं, की इथे मला मित्र असा एकच आहे, त्याला तरी सांभाळावं. तिला सांगितलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, चटणी वाढू का.

२ ऑगस्ट, शनिवार
समितीला चार पानी पत्र. मागण्या दोन : प्रबोधचं मत बाद करा आणि त्याला दोन वर्षं मंडळातून निलंबित करा. ‘लबाडी’ या शब्दापाशी थोडा थांबलो. मग तो ठळक केला.
पत्र सर्व सभासदांना पाठवलं. लोकशाहीत पारदर्शकता हवी.

५ ऑगस्ट, मंगळवार
काल आणि आज प्रबोध ट्रेनला नव्हता. ग्रुपवरही गप्प. भेदरला. झोप छान लागली.

१० ऑगस्ट, रविवार
समिती सगळ्यांसमोर चिठ्ठ्या उघडणार. निळा शर्ट इस्त्रीला दिला. विजयाचं छोटंसं भाषणही लिहून ठेवलं, त्यात प्रबोधला क्षमा केली आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार
वल्लरीताईंनी माझं तत्त्व मान्य केलं. वक्त्यांची मतं बाद. लिफाफ्यातून प्रबोधची चिठ्ठी काढली, स्वतःशी दोनदा वाचली आणि माझ्याकडे सरकवली.
‘बाजूने. प्रबोध.’
म्हणजे माझ्या बाजूने. त्याचं मत बाद, नियमाप्रमाणे माझंही बाद. नवा निकाल ३१–२८.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. प्रबोध आलाच नव्हता. माझं पत्र मिळालं त्याच दिवशी त्याने मंडळाचा राजीनामा दिला, असं ताईंनी सांगितलं. भाषणाचा कागद खिशातच राहिला.

१८ ऑगस्ट, सोमवार
प्लॅटफॉर्मवर प्रबोध भेटला. टाळता येण्यासारखं नव्हतं. विचारलं, विरुद्ध बोललास आणि मत मला कसं दिलंस.
“माझी बाजू चिठ्ठीने ठरली होती रे,” तो म्हणाला. “तुझं भाषण मला खरंच पटलं होतं.” मग म्हणाला, “वाटलं, तुलाही पटलं असेल.”
ट्रेन आली. तो पुढच्या डब्यात चढला.
उद्यापासून वीस मिनिटं उशिरा निघणार आहे. सकाळची घाई तब्येतीला चांगली नाही.