चेअरमनच्या गळ्यातला हार चंद्रीनं खाल्ला, त्याची हकीकत

तीर्थरूप आश्रुबा दाजी आणि सुंदराक्का यांच्या पायाशी,

बद्रीनाथाचा दंडवत. (दंडवत मनातल्या मनात घातलाय, काहून की अंगणात घोट्याएवढा फुफाटा हाय आणि धोतर धुवायला पाणी न्हाई.) दाजी, तुमचा गुडघा कसा हाय? निरगुडीचा पाला शेकून बांधत जा. इकडं निरगुडीबी करपली, न्हाईतर पेंडीच पाठवली असती. अक्काचा खोकला गेला का? इकडं समदे खुशाल. खुशाल म्हणजे माणसं. चंद्रीचं तेवढं वाईट झालं. आपल्या गाभण गाईला आप्पाराव चेअरमननं चारा-छावणीतून हाकलून दिलं, आणि छावणीच्या बाहेर आमच्याकडं औंदा गवताची काडी न्हाई. काहून हाकललं ते सांगायला कागद घेतलाय. काही मागायला लिहितोय असं खामखा मनात आणू नका.

मुळापासून सांगतो. रानात काम न्हाई, मग बायकांनी बसून तरी काय करावं म्हणून आमच्या घरच्या गीतानं हस्तकलेची सहकारी सोसायटी काढली. (चेअरमन ती, सभासद आळीतल्या बायका, आणि बिनपगारी हमाल मी.) कागदाची अन् प्लास्टिकची फुलं शिकवायला बीडहून गंगासागरबाई आल्या. बाई हुशार, पण एकेका फुलाचं असं कवतिक करायच्या की जणू पोटची लेक उजवायची हाय. मीबी दाराआड बसून समदं शिकून घेतलं, अक्काला उपयोगी पडंल म्हणून लिहितो. कागद कापायला शिवणाची कात्री कधी घ्यायची न्हाई, तिची धार जाती. (मी घेतली. धार गेली. गीताच्या तोंडाला मात्र आली.) पतंगी कागदाच्या घड्या घालून पाकळ्या एकदमच कापायच्या, दाभणावर गुंडाळायच्या आणि चिमटीत दाबून सोडायच्या, म्हणजे झक्क चुण्या पडत्यात. ओला हात लावायचा न्हाई, रंग उतरतो. ह्याची आमाला काळजी नव्हती, टँकर आल्याबिगर आमच्या गावात ओला हात दिसतो कुणाचा! पानं करायला हिरवी प्लास्टिकची पिशवी बरी. पान कापून मेणबत्तीच्या वर लांबूनच धरायचं, कड आपोआप वळती. लई जवळ धरलं की पान ऱ्हात न्हाई, नुसती घाण सुटती. माझी डावी मिशी ह्याच कामात गेली. उजवी मग मीच काढून टाकली, तवा पुढच्या वेळी भेटलो तर ओळख दाखवा.

एवढ्यात आप्पारावांचा निरोप आला. साखर कारखान्याचे चेअरमन ते आणि छावणीबी तेच चालवतेत, हे तुमाला ठाऊक हाय. बीडहून मोठे साहेब छावणी बघायला येणार, आणि साहेबांसमोर आप्पारावांचा जंगी सत्कार व्हायचा. (सत्कार कुणी ठरवला? आप्पारावांनीच.) झेंडू तर औषधालाबी न्हाई, म्हणून पुरुषभर उंचीचा हार सोसायटीनं करावा. गीता हरखली, बायका कामाला लागल्या, आणि निम्म्या हारावर डिंक संपला. गव्हाच्या पिठाची खळ करावी तर घरात गहू न्हाई. ज्वारीचं पीठ घेऊ का म्हणून विचारलं तर गीतानं उलथनं उचललं. मग डोकं मी चालवलं. छावणीत वाळल्या कडब्यावर शिंपडायला कारखान्याची काळी, गोड मळी येती. तिच्यासारखी चिकट वस्तू त्रिभुवनात न्हाई. तांब्याभर आणली, घट्ट व्हावी म्हणून सरकीच्या पेंडीचा भुगा कालवला, आणि अशी खळ जमली की बोट टेकवलं तर हार बोटाबरोबर वर यावा. गंगासागरबाई म्हणल्या, असली खळ मी अख्ख्या जिल्ह्यात बघितली न्हाई. मी फुगलो. जनावराच्या नाकाचा विचार बाईंनीबी केला न्हाई आणि मीबी न्हाई.

सत्काराचा मांडव छावणीच्या तोंडालाच घातलता, मागच्या कनातीला लागून दावण. आप्पारावांच्या गळ्यात हार पडला तो गुडघ्यापतोर आला. लोकांनी टाळ्या पिटल्या, गीताच्या डोळ्यात पाणी आलं. ऊन तापलं तशी मळी पातळ झाली, हार सदऱ्याला चिकटला, सदरा अंगाला, आणि माशांनी आपला येगळा सत्कार सुरू केला. आप्पाराव कुठले थांबतेत! त्यांनी भाषण धरलं, आणि साहेबांकडं बघून छातीवर हात मारून म्हणले की माझ्या छावणीत एकबी जनावर उपाशी न्हाई. बरोबर ह्याच वाक्याला चंद्रीनं दावं तोडलं. (तिला भाषण कळलं असं माझं म्हणणं न्हाई. पण येळ बघा.) कनातीतून मान घातली, हाराचं टोक तोंडात धरलं आणि पंगतीला बसल्यासारखी सावकाश खायला लागली. आप्पाराव पुढं वढतेत, चंद्री मागं. आमी काही लोकांनी आप्पारावांना धरून वढलं, काही लोकांनी चंद्रीला, आणि दोन्हीकडच्या वढावढीत सदरा उभा फाटला. फुलं गेली, पानं गेली, वरचं बटण गेलं, मग तिनं मळी लागलेली मान चाटायला घेतली. गाईची जीभ म्हणजे कानस! आप्पाराव बोंबलायला लागले, तशी दावणीवरची समदी जनावरं हंबरली. त्यांना वाटलं वाटप सुरू झालं. साहेब खुर्चीवरून उठले आणि एवढंच म्हणले, ‘हिला आधी खायला घाला कुणीतरी.’

पुढचं मात्र हसायजोगं न्हाई, दाजी. पोटात प्लास्टिक गेलेलं, जनावर गाभण, आणि रवंथ बंद. गीता चंद्रीच्या पोटावर हात ठेवून बसली ती उठायचं नाव न्हाई. माझ्याशी बोलणं बंद. मला लई भ्या वाटलं, खरं सांगतो. दोन जीव माझ्या अकलेनं जात्यात का काय असं झालतं. शेवटी एकदा शेणात हिरवं पान पडलं, कड तशीच वळलेली, रंग जसाच्या तसा. गंगासागरबाईंच्या शिकवणीला मी तिथंच हात जोडले. मग बाकीचीबी पडली, चंद्री रवंथ करायला लागली, आणि तवा कुठं गीता रडली.

तवर आप्पारावांचा माणूस निरोप घेऊन आला. गीतानं चार लोकांत सांगावं, आमची गाय मुळातच खोडीची हाय, तिला कागद खायची सवय हाय, म्हणजे छावणीत घेऊ. न्हाईतर दावण बंद. मी म्हणलं, सांगून टाक की, गाईची काय अब्रू जाती? गीता म्हणली, ‘तिला भूक लागलती. मी तेवढंच सांगंन.’ आणि खरंच छावणीत जाऊन, चार लोकांत, तेवढंच सांगून आली. मला आधी तिचा राग आला. आता येत न्हाई. चंद्री आमच्या दारात बांधलीय आणि छपराचं पाचट उपसून घालतोय. तुमी काही घोर करू नका. आमचं आमी बघून घेऊ.

तुमचा आज्ञाधारक (आजवर एकबी आज्ञा पाळली न्हाई, तरीबी),
बद्रीनाथ

ता. क. – अक्काला पतंगी कागदाची फुलं पाठवलीत. डिंकाची हायेत. कोनाड्यात लावली तर चालतील, गोठ्यात नकोत.

ता. क. दुसरं – आमचं आमी बघून घेऊ हे वर लिहिलं ते गीतापायी. नणंदेच्या दारात हात पसरायचा न्हाई, अशी तिची सक्त ताकीद होती. पाचट काल संपलं. तुमच्या गावच्या, युसूफ वडगावच्या, हिरीला अजून पाणी हाय आणि वाफाभर लसूणघास हाय, असं बाजारात कळलं. पाऊस पडंस्तोवर चंद्रीला ठेवून घ्या. आप्पारावांच्या कानावर गेलं तर तुमच्या उसाला कारखान्याची तोड लवकर मिळणार न्हाई, हे मला ठाऊक हाय. तरी मागतो.

ता. क. तिसरं – सवडीनं विचार करून कळवा असं लिहिणार होतो. पण आज पहाटे गीताच म्हणली, पाठवा. तवा हे पत्र टपालानं आलेलं न्हाई, आमचा चुलत भाऊ शहादेव घेऊन आलाय, आणि त्याच्या दुसऱ्या हातात कासरा हाय. ह्या चार वळी गावाच्या शिवेवर, त्याच्या पाठीवर कागद ठेवून लिहितोय. गीता चंद्रीच्या गळ्याला मिठी मारून उभी हाय, सोडत न्हाई. दाजी, शहादेवला चहा नंतर विचारा. आधी चंद्रीला पाणी दाखवा.