लवूचा हातोडा परत केला

२० मार्च १९६०, रविवार

शेजारचा लवू आज पुन्हा तेच म्हणाला. जिन्यात, सगळ्यांसमोर. "काकानू, तुमच्या तेलंग्यांचा राज्य कधीच झाला. आता आमचा होतला. बांधा गाठोडा!" सगळे हसले. मीही हसलो. लवू थट्टा करतो, पण पेपर वाचून करतो!

एक मेला महाराष्ट्र होणार. मराठी माणसांना मराठी राज्य. मग आम्हा करीमनगरवाल्यांचं काय? सत्तेचाळीस साली दोन देश झाले, तेव्हा माणसं ट्रंका घेऊन इकडची तिकडे गेली. आमच्या गिरणीतल्या साळखात्याचा मुकादम, जॉबर, असाच कराचीला गेला. त्याचा चहाचा कप खिडकीत तसाच राहिला होता. मीच धुऊन ठेवला.

कोणाला विचारायची हिंमत होत नाही. विचारलं आणि "हो" म्हणाले तर?

२१ मार्च

बायकोला, नरसव्वाला, सांगितलं नाही. तिचा गुडघा दुखतो. त्यात हे कशाला.

२४ मार्च

हे सगळं माझ्याच हातानं झालं! छप्पन साली लवूबरोबर सत्याग्रहाला मी गेलो. पाच दिवस कोठडीत. "मुंबईसह" म्हणून सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडत होतो. घसा बसला होता. आपली खोली आपणच ओरडून घालवली.

तरी ते पाच दिवस आठवले की बरं वाटतं. डाळ नुसतं पाणी होती. पण हसलो किती!

२६ मार्च

मार्कंडेयाच्या देवळातल्या भटजींकडून पुतण्याला पत्र लिहून घेतलं. "आम्ही दोघं गावी येतो. परसातली खोली ठेव." मला तेलुगू बोलता येतं, लिहिता येत नाही. अक्षर शिकलो ते इथेच, परळच्या रात्रशाळेत, मराठी. भटजी म्हणाले, "मल्लय्या, अचानक?" मी म्हटलं, हवापालट.

खोटं बोललो. देवळात.

२८ मार्च, पाडवा

आमचा उगादीही आजच. दरवर्षीप्रमाणे नरसव्वाच्या लुगड्याची गुढी लवूनं उभारली आणि नरसव्वानं कडुनिंब, गूळ, चिंच, कैरीची पच्चडी घरोघर वाटली. समोरच्या राधाबाई दोन वाट्या प्यायल्या. "नरसव्वा, तुझ्या पच्चडीशिवाय आमचा पाडवा लागत नाही बघ!" म्हणाल्या.

पुढच्या वर्षी कोण देणार यांना?

२ एप्रिल

पलंगाखालची ट्रंक गुपचूप भरली. दोन धोतरं, नरसव्वाचं चांगलं लुगडं, गिरणीचं सर्टिफिकेट, रात्रशाळेची पाटी. पाटी कशाला? राहू दे.

४ एप्रिल

जाताना कोणाची वस्तू आपल्याकडे राहायला नको. लवूचा हातोडा परत केला. अठ्ठेचाळीस सालापासून आमच्याकडे होता. लवू हातोड्याकडे बघत राहिला. "काकानू, माझेर रागावलात काय?" मी म्हटलं, नाही रे. राधाबाईंना त्यांची चाळण दिली, पाट दिला, तांब्याचं घंगाळही दिलं. "अहो, हे तर मी विसरलेच होते!" म्हणाल्या. मग मला निरखून बघू लागल्या.

९ एप्रिल

रेशनच्या ऑफिसात गेलो. कारकुनाला विचारलं, कार्डावरून नावं कधी कापणार?

"कोण मेलं?"

मेलं कोणी नाही म्हटलं.

"मग कशाला कापता? मेल्यावर या!"

रांगेतले सगळे हसले. आपल्या चाळीतली लतिका मागेच उभी होती, ते नंतर दिसलं.

१३ एप्रिल

चाळीत काहीतरी बिघडलं आहे. सकाळी राधाबाई पेज घेऊन आल्या. दुपारी लतिकाची आई मऊ भात. मी नळावर गेलो तर बादली हातातून काढून घेतली. संध्याकाळी लवू चक्क डॉक्टर घेऊन आला! "काकानू, तोंड उघडा." डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, यांना काही झालेलं नाही, फार विचार करतात. लवू बाहेर जाऊन नाक शिंकरत होता.

इतकी माया! आणि यांना सोडून जायचं.

२२ एप्रिल

पुतण्याचं उत्तर नाही. खाली मुलं पताका चिकटवताहेत. खळ कमी पडली तर नरसव्वानं करून दिली. ती गुणगुणत होती. बघवेना.

३० एप्रिल

आज स्फोट झाला!

नरसव्वानं पलंगाखाली झाडताना ट्रंक ओढली. उघडून बघितली आणि तिथंच बसली. वरची धोतरं बघून तिला वाटलं, मी तिला टाकून काशीला चाललो! तिचं रडणं ऐकून राधाबाई आल्या. लवू आला. "म्हणून हातोडो दिलात? माका वाटला, तुम्ही मरूक टेकलात!"

मग सगळं सांगावं लागलं. मान वर करता येईना. मग लवू हसायला लागला. इतका, की भिंतीला धरून बसला. हसता हसता डोळे पुसले. "खंय जातलात? कोठडीत माझ्या कुशीक कोण घोरत होतो? मुंबई मिळाली ती कोणाक?"

राधाबाई म्हणाल्या, "लवू, तुझीच जीभ आधी आवर!"

आणि नरसव्वा — डोळे कोरडे करून, सगळ्यांदेखत, मराठीत: "यांना जायचं तर जाऊ दे. मी नाही जात!"

लवू हातोडा परत ठेवून गेला.

१ मे

दिवे. ताशे. लाडू. मी पुन्हा ओरडलो. घसा पुन्हा बसला. लिहायला नको, झोप येते आहे. कित्येक दिवसांनी.

३ मे

पत्राचं उत्तर आलं. म्हणजे पुतण्या राजय्याच आला! बायको, ट्रंक, दोन गाठोडी. "चिन्नान्ना, तुम्ही गावी येतो म्हणून लिहिलंत. मग इथली खोली रिकामीच होणार. म्हणून आम्ही आलो."

दोघं दारात उभी. मराठीचा एक शब्द येत नाही. जिन्यातून लवू ओरडला, "सोडा गाठोडा!" सगळे हसले. राजय्याही हसला, काही न कळता.

मी ट्रंकेतून पाटी काढली. अ काढून दिला.