रांगेतली पाठ आणि शाम्पूचा विद्वान

२ मार्च
रिसर्च पेपरचा विषय मिळाला. कॅन्टीनच्या रांगेत माणसं कशी वागतात. बाबांनी जाहीर केलंय, यात उडालास तर पोरांबरोबरची ट्रिप रद्द, सुट्टीभर मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजायचे. बाबांना माझी कुवत माहीत नाही. एका शनिवारात उरकतो.

५ मार्च
नोट्सची स्वतःची सिस्टिम काढली. लाल पेन म्हणजे पुस्तक, हिरवं म्हणजे मासिक, निळं म्हणजे इंटरनेट. नाव, पान लिहायची कटकटच नाही. ताई म्हणे, अरे शहाण्या, कुठलं पुस्तक ते तरी लिही. तिला सिस्टिम कळत नाही.

९ मार्च
लाल पेन संपलं. पुस्तकंही हिरव्यानेच चालू.

१४ मार्च, दुपार
पेपर उद्या द्यायचाय. वही रंगीत, देखणी. कोण कुठे काय म्हणालं, पत्ता नाही. मॅडमना मात्र प्रत्येक वाक्याला लेखक, पुस्तक, साल, पान हवं. बाईंचा माणसावर विश्वासच नाही.

१४ मार्च, संध्याकाळ
चहाच्या रांगेत आमच्यातल्याच एका जाड्याच्या मागे ताटकळलो. तिथे वाक्य सुचलं: 'रांगेतला माणूस पुढच्याची पाठ इतका वेळ बघतो, की ती त्याला स्वतःचीच अडचण वाटायला लागते.' झकास. पण मी म्हणालो म्हणून कोण ऐकणार. बाथरूममधल्या शाम्पूचं नाव उलटं वाचलं, परदेशी विद्वान तयार. साल आईबाबांच्या लग्नाचं, पान ताईचा रोल नंबर. बाकीच्या वाक्यांनाही हाच विद्वान जुंपला.

१९ मार्च
मॅडमनी ते वाक्य वर्गात वाचलं. माझं काही वाचताना त्यांचा आवाज चढला नाही, असं पहिल्यांदाच झालं. मग म्हणाल्या, हे पुस्तक मला वाचायचंय, सोमवारी आण.

२० मार्च
लायब्ररीवाल्या काकांना म्हटलं, हे पुस्तक नाही असं लिहून द्या, म्हणजे सुटलो. काका पडले हट्टी. म्हणे नाही कसं, मी स्वतः पाहिलंय, हिरवं कव्हर. शिडी लावून तीन कपाटं उपसली. धूळ मी झाडली. शेवटी शेवटी मलाही आठवायला लागलं. हिरवंच होतं बहुतेक.

२३ मार्च
काकांनी मॅडमना कळवलं की पुस्तक होतं, कोणीतरी ढापलंय. मॅडम मला म्हणाल्या, मुकाट्याने परत कर. मग खरं सांगून टाकलं. बाटली, रोल नंबर, जाड्या, सगळं. मॅडम म्हणाल्या, बाटलीचं पटतं, तेवढा तू आहेस. पण वाक्य तुझं? मी तुला काय आज ओळखते? कुठून उचललंस ते सांग. आईची शप्पथ घेतली. म्हणाल्या, आईला यात ओढू नकोस. शून्य. शेरा: मूळ लेखक लपवला.

५ एप्रिल
दोन इंची खिळे वेगळे, तीन इंची वेगळे. मामा म्हणतो, एवढंही जमत नाही, कॉलेजात काय करतोस. ट्रिपचे फोटो येतायत, जाड्यासुद्धा गेलाय. जूनमध्ये पेपर पुन्हा लिहून द्यायचाय. मॅडमची अट: वाक्य ठेव, पण खरा लेखक शोधून आण.

गुरुवारी दुकान बंद असतं. लायब्ररीवाल्या काकांचा निरोप आहे, चौथं कपाट राहिलंय, शिडी धरायला ये.

जाऊन बघतो. काय सांगावं.