गोवराची लस

कोपरगाव,
३ मे १९९८

ती. दादा,

निवेदिताचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. कैऱ्यांचं लोणचं घातलंय, पण ते लेस्टरपर्यंत कसं पोचवायचं ते तूच सांग. सुश्रुत भिंतीला धरून उभा राहायला लागलाय. वहिनीला नमस्कार, मृण्मयीला पापा.

तू पाठवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण कधीच मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. गोवराच्या लशीनं आतड्याचा आजार होतो असा तिकडच्या काही डॉक्टरांना संशय आहे, हे यांनी वाचलं. परत वाचलं. तुला यांचं आतड्याचं दुखणं माहीतच आहे. पुण्याला दाखवूनही रक्त पडायचं थांबत नाही. कुणाकडे जेवायला जायचं तरी आधी संडास कुठे आहे ते बघावं लागतं.

सुश्रुतला नऊ महिने झाले तसं मी लशीचं काढलं. "माझं दुखणं मी आपल्या हातानं पोराला देऊ? न्यायचं नाही," एवढंच म्हणाले.

त्याच सुमारास आमच्याकडे कामाला येणाऱ्या रंगुबाईच्या नातवाला गोवर निघाला. तिची लेक ऊसतोडीवर, आज इथे तर उद्या तिथे. पोराची लस राहूनच गेलेली. "बाई, ताप उतरत न्हाई वो. छाती लई उडती हाय," म्हणत रंगुबाई दारातच रडायला लागली. यांनी कारखान्यातून जीप मागून आणली, पोराला दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया झाला होता. दादा, सुश्रुतएवढंच होतं रे ते. दहा दिवस दवाखान्यात होतं, वाचलं नाही.

त्याला पुरून आल्यावर अंघोळ करून हे बाहेर पायरीवर बसले. मी म्हटलं, "तुमच्या लहानपणी ही लस नव्हतीच. सासूबाई सांगतात, तुम्हाला चांगला अंगभर गोवर निघाला होता. मग तुमचं आतडं कुठल्या लशीनं बिघडलं?"

मला वाटलं, चिडतील. म्हणाले, "कळतं गं मलाही. पण इतकी वर्षं प्रत्येक डॉक्टरला विचारतोय, मलाच का? कुणी सांगत नाही. त्या कागदात पहिल्यांदा काहीतरी कारण दिसलं."

मग उठता उठता म्हणाले, "उद्या सुश्रुतला घेऊन जाऊ."

आता लिहूनच टाकते. न्यायची गरज नव्हती. हे जीप घेऊन दवाखान्यात गेले, त्याच दुपारी मी भाजीच्या निमित्तानं बाहेर पडून त्याला लस देऊन आणली होती.

ते मी तिथेच सांगितलं. हे पुन्हा खाली बसले.

"परवा त्याचं अंग तापलं होतं. दात येताहेत म्हणालीस."

"लशीचाच ताप होता."

"म्हणजे मला सांगण्यासारखं नव्हतं."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं आहे. सुश्रुतचं पोट जरा बिघडलं की हे दुपटं उजेडात धरून बघतात. ते घरी नसले की मीही बघते. लस दिली यात चुकले असं मला वाटत नाही. तरी बघते.

मृण्मयीची लस तुम्हीही थांबवली आहे, असं तू लिहिलं होतंस. दादा, तिला लस दे. वहिनी घाबरत असेल तर भांडा, रडा, बोलून घ्या, पण दोघं मिळून घेऊन जा. माझ्यासारखं चोरून नको.

दिलीत की लगेच कळव. ते पत्र मी यांना माझ्याआधी वाचायला देईन.

तुझी,
निवेदिता