पूर्वार्धवाल्याकडून उत्तरार्धवाल्यास

रा. रा. धाकटे साडूभाऊ यांसी,

थोरल्या साडूचा नमस्कार. तो आपण डाव्या हाताने स्वीकारलात तरी चालेल, परंतु भिंतीकडे तोंड करून स्वीकारू नये. येथे आम्ही उभयता ठीक आहोत. सौ.चे गुडघे कुरकुरतात आणि माझ्या कानांना कुरकुर ऐकू येत नाही, त्यामुळे संसार सुरळीत चालला आहे. आपल्या प्रकृतीची चौकशी करणे हा शिष्टाचार आहे म्हणून करतो. वास्तविक ती मला सविस्तर ठाऊक आहे. मेहुणीबाईंचा सौ.ला रोज फोन येतो, आणि सौ. ऐकलेले सर्व मला मोठ्याने सांगते, म्हणजे ते आमच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. आपल्या उजव्या अंगावरून वारे गेले. डॉक्टर म्हणाले, हात पुन्हा कामाला लागेल, मात्र व्यायाम आताच केला पाहिजे. हे दिवस निघून गेले तर हात आहे तसाच राहील. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबण्यासाठी एक रबरी चेंडू दिला. आणि आपण तो डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. तो तळमजल्यावरील वकिलांच्या चहात पडला असे समजते. (नेम उत्तम आहे. डाव्या हाताचा एवढा, तर उजव्याचा किती असेल, याचा विचार व्हावा.)

फोन न करता पत्र का लिहिले, असे आपण म्हणाल. फोनवर आपण ‘हं’ म्हणता आणि ठेवून देता. पत्राला ‘हं’ म्हणून ठेवता येत नाही. मेहुणीबाई ते शेवटपर्यंत वाचून दाखवतील, तशी त्यांना ताकीद दिली आहे. शिवाय माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले असले तरी ती जुनी चौथी आहे, आणि माझ्या पत्रातील ऱ्हस्वदीर्घाची चूक काढणारा अजून जन्मास आलेला नाही. (चूक सापडल्यास ती टपालात झाली असे समजावे.)

आता मूळ विषय. डॉक्टरांनी मेहुणीबाईंना सांगितले की, ह्यांना उमेद देणारे चित्रपट दाखवा. त्यावर आपण म्हणालात, ‘मला सिनेमे शिकवू नका, जन्म गेला माझा थेटरात.’ येथपर्यंत मी आपल्या बाजूचा होतो. चित्रपट पाहून हात हलू लागले असते तर अस्थिरोगतज्ज्ञांनी दवाखान्याऐवजी तिकीटखिडकी उघडली असती. परंतु त्याच दिवशी फोनवर मेहुणीबाई सौ.ला म्हणाल्या, ‘ताई, ते आता ‘शेवटी सगळं ठीकच होतं’ असं म्हणतच नाहीत गं.’ आणि मग दोघी बहिणी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. (कान मंद असला तरी कोणी बोलत नसल्याचे मला स्पष्ट ऐकू येते.)

साडूभाऊ, आपले ते वाक्य मला आयुष्यभर असह्य वाटत आले आहे. एकाच चित्रपटगृहात आपल्या दोघांची नोकरी, मी बाहेर सायकल स्टँडवर आणि आपण आत दारावर, एका हाताने तिकीट फाडणारे आणि दुसऱ्या हातात विजेरी धरणारे (जिला आपण अजूनही बॅटरी म्हणता). माझ्या थोरलीचे जमलेले लग्न मोडले तेव्हा आपण ते वाक्य म्हणालात. चित्रपटगृह कायमचे बंद झाले, आपण दोघेही रस्त्यावर आलो, त्या संध्याकाळी बंद शटरकडे पाहत आपण पुन्हा तेच म्हणालात. त्यावर मी आपणांस जे म्हणालो ते लेखी देण्याजोगे नाही. परंतु ते वाक्य बंद पडले हे ऐकल्यावर मला घरातील घड्याळ बंद पडल्यासारखे झाले. घड्याळ चुकीची वेळ दाखवत होते हे खरे. तरी टिकटिक हवी असते. तेव्हा मी निश्चय केला की, उमेद देणारा चित्रपट ही काय वस्तू आहे ती स्वतः तपासावी, व तीत तथ्य नसल्यास तसे डॉक्टरांना लेखी कळवावे.

माझे मत प्रतिकूल का होते, तेही सांगणे भाग आहे. खेळ सुरू झाला की स्टँडवर काम नसे, आणि मॅनेजरसाहेबांनी मला पाठीमागे उभे राहून पाहण्याची मुभा दिली होती. मध्यंतराला मात्र बाहेर असणे जरुरीचे, कारण काही प्रेक्षक मध्यंतरालाच सायकल मागत, आणि नंतर पुढच्या खेळाची मंडळी येऊ लागत. अशा रीतीने मी शेकडो चित्रपट पाहिले, आणि सर्व मध्यंतरापर्यंत पाहिले. मध्यंतराला काय असते? घर जळते. मुलगा जत्रेत हरवतो. आई आंधळी होते. नायक न केलेल्या गुन्ह्यासाठी आत जातो. मग पाटी येते आणि लोक चहा प्यायला जातात. पुढे काय झाले हे मी कधी कोणास विचारले नाही. विचारणे म्हणजे आपण पाहिले नाही याची कबुली देणे. उत्तरार्ध मी सायकलींमध्ये बसून स्वतःच रचत असे. घर जळालेला मनुष्य भाड्याच्या खोलीत राहायला जाई. हरवलेला मुलगा हरवलेलाच राही. आंधळ्या आईच्या डोळ्यांत औषध घालायला शेजारीण येई. नायक सुटून आल्यावर कोठेतरी कारकुनाची नोकरी धरी. याहून अधिक मी कोणाला कधी काही दिले नाही. आणि मग खेळ सुटे, लोक बाहेर येत, त्यांचे डोळे लाल आणि तोंडाने शीळ! दुसऱ्याच्या घराची राख झालेली पाहून हे लोक शीळ घालतात, या विचाराने माझे पित्त खवळे, आणि मी त्यांच्या सायकली त्यांच्या अंगावर ढकलत असे.

असो. मी सौ.ला घेऊन नव्या चित्रपटगृहात गेलो. ते एका भल्यामोठ्या दुकानाच्या डोक्यावर बसवले आहे. दारावर एक मुलगी होती. तिने तिकिटावर एक यंत्र रोखले, यंत्र ‘टुं’ म्हणाले, आणि तिकीट सबंध परत! मी म्हणालो, फाडा. ती म्हणाली, ‘आजोबा, आता फाडत नाहीत.’ न फाडलेले तिकीट खिशात घेऊन आत बसताना मला चोरून शिरल्यासारखे वाटले.

चित्रपट एका बँडवाल्याचा होता. हा मनुष्य ट्रम्पेट फार सुरेख वाजवतो (मी जांभई दिली), सायकलवरून कामाला जातो, आणि ती कुलूप न लावता भिंतीला टेकवून ठेवतो. माझे निम्मे लक्ष त्या सायकलीकडेच होते. पुढे त्याचा अपघात होतो, जबडा मोडतो, ओठ शिवावे लागतात, आणि डॉक्टर सांगतात की आता वाजवणे विसरा. ट्रम्पेट पलंगाखाली जाते. पाटी येते. आणि साडूभाऊ, पाटी येताच माझे पाय उठले. मला न विचारता उठले. सौ.ला वाटले, मी चहा आणायला निघालो. मी थेट तळघरात पोचलो, जेथे मोटारी ठेवतात.

तेथील अवस्था पाहवेना. एक लाल मोटार दोन रेघांच्या मधोमध, मुक्कामाला आलेल्या जावयासारखी पसरलेली. मी तिच्या मालकास म्हणालो, जरा मागे घ्या. त्याने घेतली. मागच्याने काच खाली करून विचारले, ‘काका, कुठे लावू?’ ‘कुठे लावू’ असे मला कोणी विचारून फार काळ लोटला होता. मी जागा दाखवली. एका बाईंनी तर घाईघाईत किल्लीच माझ्या हातात दिली आणि त्या वर निघून गेल्या. (मला मोटार चालवता येत नाही, हे सांगण्याची संधी त्यांनी दिली नाही.) तळघर एका ओळीत लागले तेव्हा तेथील खरा रखवालदार जेवून आला. म्हणाला, ‘तुम्ही कोण?’ मी म्हणालो, ‘मध्यंतरापर्यंत प्रेक्षक.’ तो हे समजावून घेत असतानाच खेळ सुटला आणि सौ. समोर उभी. डोळे लाल! माझ्या हातातील परक्या किल्लीकडे पाहून ती एवढेच म्हणाली, ‘अहो, चहा कुठाय?’

पुढच्या आठवड्यात आम्ही तोच चित्रपट पाहावयास पुन्हा गेलो. या खेपेस सौ.ने मला आतल्या बाजूस बसवले, स्वतः वाटेत बसली, आडवी छत्री धरली, आणि पाटी येण्यापूर्वीच माझी बाही मुठीत घट्ट पकडली. पाय उठले. मी उठलो नाही. या झटापटीत बाहीचे एक बटण कामी आले. अशा प्रकारे मी माझ्या आयुष्यातील पहिला उत्तरार्ध पाहिला.

त्यात विशेष काही घडत नाही. तो मनुष्य गच्चीवर बसून फुंकतो, आणि ट्रम्पेटमधून दाराच्या बिजागरीसारखा आवाज निघतो. शेजारी खिडक्या लावून घेतात. त्याची बायको कानांत कापूस घालून स्वयंपाक करते. प्रेक्षक हसले, मीही हसलो. तो फुंकतच राहतो. आणि अगदी शेवटी, सगळा बँड पुढे निघून गेल्यावर, मागे राहिलेला तो एकटा रस्त्यात उभा राहतो आणि एक सूर लावतो. एकच. सरळ. चित्रपट संपला. (सायकल शेवटपर्यंत कोणी नेली नाही. ही गोष्ट पटण्यासारखी नाही.)

मी रडलो असे मी म्हणणार नाही. थंड हवेच्या यंत्राचा झोत माझ्यावर होता. परंतु पलीकडच्या खुर्चीतील धिप्पाड, मिशाळ गृहस्थांनी न मागता मला आपला रुमाल दिला, आणि तो आधीच निम्मा ओला होता. मला आश्चर्य याचे वाटले की, जबडा मोडला तेव्हा माझ्या डोळ्यांस काही झाले नाही, सवय आहे. सूर लागला तेव्हा झाले. मी घरी जाताना यावर विचार केला. आरंभी याहून शतपट चांगले वाजले, तेव्हा मी जांभई दिली. शेवटी एक सूर, जो बँडमधील कोणीही उमेदवार झोपेत काढील, त्याने मिशाळ माणसे भिजली. म्हणजे करामत सुराची नव्हे. त्यामागच्या बिजागरीची आहे. ज्याने ती किरकिर बसून ऐकली, त्यालाच तो सूर कळतो. आणि ते लाल डोळ्यांचे लोक राखेवर शीळ घालत नव्हते, हेही मला तेव्हाच उमगले. त्यांच्या सायकली मी अधिक सौम्यपणे द्यावयास हव्या होत्या.

मी सौ.ला म्हणालो, साडूभाऊंनी तर असे शेकडो शेवट पाहिले आहेत, मग त्यांना धीर का येत नाही? त्यावर ती म्हणाली, ‘अहो, त्यांनी पहिला भाग कुठे पाहिलाय? मध्यंतरापर्यंत ते दारातच. उशिरा येणाऱ्यांना बॅटरी दाखवा, भांडणाऱ्यांना गप्प करा. आत स्टुलावर टेकायला मिळायचं ते मध्यंतरानंतर. एवढी वर्षं दोघांनी मिळून एकेक सिनेमा पाहिलात, आणि एकमेकांना सांगितला नाहीत!’ मी भर रस्त्यात उभा राहिलो. मागून एक रिक्षावाला जे बोलला तेही लेखी देण्याजोगे नाही.

साडूभाऊ, आपल्या आजाराचे मूळ मला तेथे सापडले. आपण जी माणसे पाहिलीत ती सर्व उठून कामाला लागलेली. पडलेला माणूस कसा दिसतो, हे आपण पाहिलेलेच नाही. म्हणून स्वतःवर पाळी येताच आपली समजूत झाली की असा प्रकार आजवर कोणाचा झाला नाही. मी पाहिला आहे. या एका विषयात माझा शब्द प्रमाण मानावा. पडलेला नायक हुबेहूब आपल्यासारखा दिसतो. भिंतीकडे तोंड, न जेवलेले ताट, बायकोवर चिडचिड, आणि कामाची वस्तू एक तर पलंगाखाली नाही तर खिडकीबाहेर. आपण ज्याला शेवट समजून पडून राहिला आहात, ती मध्यंतराची पाटी आहे. मी ती शेकडो वेळा पाहिली आहे, मला ओळखू येते.

पुढे सर्व ठीकच होईल, अशी हमी मी देत नाही. ते खाते आपले. कदाचित एकच सूर लागेल. परंतु मध्यंतराला उठून गेलेल्याने शेवट कसा होणार हे सांगू नये. आयुष्यभर तो उद्योग मी केला आहे, आणि माझे सर्व शेवट चुकीचे निघाले.

हे सारे ऐकताना आपण कूस बदलली असेल, असे धरून लेखणी ठेवतो.

आपला,
स्टँडवाला थोरला साडू

ता. क. : वकिलांना मी फोन केला होता. चेंडू त्यांनी धुऊन ठेवला आहे. मेहुणीबाईंनी जाऊन आणावा आणि खिडकी लावून मग तो आपल्या हाती द्यावा.

ता. क. दुसरा : सोबत माझे त्या दुसऱ्या खेळाचे तिकीट जोडले आहे. ते सबंध आहे, आणि दारावर फाडल्याशिवाय चित्रपट पाहिला असे मी मानत नाही. तरी आपण ते उजव्या हाताने फाडून अर्धे मजकडे परत धाडावे. कितीही दिवस लागोत. मेहुणीबाईंकडून फाडून घेऊ नये. आपण फाडलेले तुकडे मी जन्मभर स्टँडवरून झाडले आहेत, आपली फाड शेवटी तिरपी जाते, ती मला ओळखता येते.

ता. क. शेवटचा : हे पत्र आपल्या हितासाठी लिहिले, असा गैरसमज झाला असल्यास दूर व्हावा. मला आता इतरही उत्तरार्ध पाहावयाचे आहेत. सौ.चे गुडघे पाहता ती पुन्हा जिने चढणार नाही, आणि पाटी आली की माझे पाय आजही उठतात. शेजारी बसून बाही धरणारा मनुष्य पाहिजे. आपण माझ्या डावीकडे बसाल, म्हणजे आपला उजवा हात माझ्या बाहीशी येईल. पकड घट्ट हवी. बटण नवे लावून घेतले आहे.