दहातले नऊ

१९ एप्रिल

प्रिय सिग्नी,

"आत्या, मला उशिरा येतं; पण एकदा आलं की जात नाही."

गोठलेल्या तळ्यावर तू मला हे सांगितलंस तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. बाकीची पोरं स्केट्सवर गरागरा फिरत होती आणि तू स्वयंपाकघरातली खुर्ची पुढे ढकलत, तिलाच धरून कडेकडेनं चालली होतीस. सगळा हिवाळा तसाच गेला. मी म्हटलं होतं, चल घरी, गरम कोको करते. तर हे उत्तर मिळालं.

कशी आहेस? तुझ्या बाबाची, आमच्या डेलची, पाठ कशी आहे? त्याला म्हणावं, गाडीखाली आडवं व्हायचं काम आता गॅरेजातल्या पोरांना दे. इकडे पार्किंगमधले बर्फाचे ढिगारे अजून काळे होऊन पडलेत. मी बरी आहे, थोडी थकलेय. एप्रिलमध्ये मी थकतेच.

माडीवरच्या खोलीचं तू विचारलंस. तिथे अजून आजीची खोकी आहेत, तेव्हा त्या खोलीवर काही ठरवू नकोस.

एक मेच्या आत तुला कुठल्या तरी एका कॉलेजला होकार कळवायचाय. रविवारी डेलचा फोन आला होता. म्हणाला, "कोरिन, अगं राज्य विद्यापीठात रसायनाच्या एका वर्गात आपलं अख्खं गाव मावेल, कुत्र्यांसकट! पोरगी हरवून जाईल तिथे. आणि तुझ्या कॉलेजात तर घरची आत्याच मेडिकलच्या शिफारशींच्या समितीत बसलेली. मग घोडं अडलंय कुठे?"

मी म्हटलं, "ओव्हनमध्ये केक आहे, नंतर बोलते." ओव्हन बंद होता.

म्हणून हे पत्र. फोनवर तू बोलतेस, मी हसते आणि सांगायचं ते राहूनच जातं.

कॉलेज बघायला आलात त्या दिवशी सभागृहात मी तो आकडा सांगितला. आमच्याकडून पदवीनंतर मेडिकलला अर्ज करणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना प्रवेश मिळतो, असं मी दरवर्षी सांगते. तू तिसऱ्या रांगेत होतीस. टाळ्या वाजवताना तू डेलकडे बघितलंस, आणि तुझं ठरलं हे मला व्यासपीठावरून दिसलं.

आकडा खोटा नाही. पण 'अर्ज करणाऱ्या' या शब्दांवरून मी भरभर पुढे जाते. अर्ज कोणी करायचा हे आमची समिती ठरवते. तिसऱ्या वर्षाच्या वसंतात आम्ही बसतो, पहिल्या दिवसापासूनचे गुण एकत्र करून सरासरी बघतो, आणि जे रेषेच्या वर असतील त्यांनाच समितीचं शिफारसपत्र देतो. आमच्या कॉलेजातून त्या पत्राशिवाय अर्ज गेला, की मेडिकलवाले विचारतात, पत्र का नाही? म्हणून खालचे बहुतेक अर्जच करत नाहीत. ते मोजलेही जात नाहीत.

त्यांना हे सांगायचं काम माझं.

गुरुवारी तिसऱ्या वर्षाची हॅडली माझ्याकडे आली होती. पहिल्या वर्षी रसायनात आणि गणितात सी. त्यानंतर एकेक पायरी चढत गेली. या वर्षी सगळीकडे ए.

"मग आता मला येतंय ना?" ती म्हणाली.

"समिती सगळ्या वर्षांची सरासरी बघते."

"म्हणजे मला आधी येत नव्हतं, ते अजून चालूच आहे?"

मी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. तिनं एक ओढला आणि डब्याकडेच बघत राहिली. "तुमच्याकडे हा कधी रिकामा नसतो, नाही?"

सिग्नी, नववीत बीजगणितात तुला सी होता. बारावीत तू त्याच गणितात दुसऱ्यांना शिकवत होतीस. मधली वर्षं तुझी हक्काची होती, कुणी ती तुझ्या विरुद्ध धरली नाहीत. इथे धरतील.

आणि आत्या आत आहे म्हणून जे डेल समजतो, ते तसं नाही. नात्यातल्या मुलीचं नाव निघालं की मला बैठकीतून उठावं लागतं. नियमच आहे. तुझी चिकाटी ज्या एका माणसानं बघितलीय, ते माणूस नेमकं तेव्हा दाराबाहेर असेल. बाकीच्यांसमोर नुसते गुण. मग दार उघडेल, आणि त्यांचं तोंड बघूनच मला कळेल.

राज्य विद्यापीठात गर्दी आहे, खरंय. पहिल्या वर्षी तुझं नावही कुणाला माहीत नसेल. पण तिथे समिती नाही. प्राध्यापकांची पत्रं स्वतः जमवायची आणि अर्ज करायचा. तू एक वर्ष थांबून केलास तरी कुणी अडवणार नाही. नकार आला तर मेडिकलवाल्यांचा येईल, त्याआधीच कुणाचा नाही.

आता खोलीचं खरं सांगते. खोकी मी मार्चमध्येच हलवली. भिंतींना पिवळा रंग दिला, तुला आवडतो तसा फिका. टेबल खिडकीपाशी ओढलं. आजी गेल्यापासून माझ्या घरात माडीचा जिना कुणाच्या पावलांनी वाजला नाही. संध्याकाळी कुणीतरी वरून "आत्या, जेवायला काय?" म्हणून ओरडेल, हे मी इतक्यांदा मनात ऐकलंय, की हे पत्र लिहायला मला इतके दिवस लागले. तू येऊ नयेस असं मला एकदाही वाटलेलं नाही. ती खोली तुझीच आहे. सुट्टीत ये.

तू ऐकणार नाहीस, माहीत आहे. तळ्यावरून घरी चल म्हटलं तेव्हाही तू ऐकलं नव्हतंस, आणि बरोबर तूच होतीस. पुढच्या हिवाळ्यात तू खुर्ची सोडून दिलीस आणि शेजारच्या लहानग्याचा हात धरून त्याला शिकवत होतीस. पण तेव्हा त्या दुसऱ्या हिवाळ्याआधी तुझी खुर्ची काढून घेणारं कुणी नव्हतं.

म्हणून तू नाहीच म्हणशील हे धरून पुन्हा एकदा मागते: या तळ्यावर येऊ नकोस, सिग्नी. राज्य विद्यापीठाला होकार कळव.

समितीची कुणी नाही, नुसती तुझी आत्या,
कोरिन